कुत्रा पाहावा पाळून
(प्रस्तावना)

पौष शुद्ध सप्तमीला मोहनखेड्यात गुरुसप्तमीचा मेळा भरतो. जैन आचार्य राजेंद्रसूरींचा जन्म आणि निर्वाण दोन्ही याच तिथीचे, त्यामुळे माळव्यातून आणि गुजरातेतून माणसे लोटतात, त्यांतली कितीतरी पायी येतात. एका वर्षी राजगढच्या बाजूने येणाऱ्या एका जथ्थ्याबरोबर एक पिवळसर गावठी कुत्रा चालत आला. तो कोणाचाच नव्हता. मागच्या मुक्कामाला कोणीतरी पोळी टाकली असेल, तेवढ्या ओळखीवर तो निघाला होता. पोचल्यावर धर्मशाळेच्या भिंतीशी, कोवळ्या उन्हात, जागा हेरून त्याने अंग टाकले. गाड्या लावल्या होत्या तिथे धारचे एक मराठी कुटुंब आपला सायबेरियन हस्की घेऊन उभे होते. निळ्या डोळ्यांचा, दाट केसांचा, थंडीने खुशीत आलेला देखणा कुत्रा. सगळी गर्दी त्याच्याभोवती होती.

वैशाखात मी त्या घरी गेलो. हस्की न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून धापा टाकत होता. संध्याकाळ होईपर्यंत तो तिथून हलला नाही. घरातले दादा म्हणाले, "आम्ही दर रविवारी मांडूला जातो, मुलं सायकली चालवतात. दमणार नाही असा कुत्रा हवा होता. सगळीकडे लिहिलंय, धावपळीच्या घरासाठी हस्की उत्तम." लिहिलेले खरेच होते. लिहिणाऱ्यापुढे माळवा नव्हता, एवढेच.

हे पुस्तक त्या दुपारी सुचले. घरातली माणसे चालती-फिरती आहेत, मुलांना मैदान हवे आहे, सुट्टीत गड-डोंगर आहेत, आणि आता घरात एक कुत्रा हवा आहे, अशा कुटुंबाने निवड कशी करावी, हा त्याचा विषय. प्रश्न किरकोळ वाटतो. पण तो नीट उलगडायला गेले की इतिहास, हवामान, अनुवंशशास्त्र, स्वयंपाकघर, कायदा आणि आपली स्वतःबद्दलची गोड समजूत, सगळे एकेक करून पुढे येते.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. मराठीत आपण विचारतो, "कोणत्या जातीचा?" माणसांच्या बाबतीत जो शब्द खाली ठेवायला आपण शिकतो आहोत, तोच कुत्र्याच्या बाबतीत कौतुकाने उचलतो. "प्युअर आहे, पेपर आहेत," हे सांगताना स्वर बदलतो. या पुस्तकात 'जात' हा शब्द रूढ म्हणून वापरला आहे, पण त्यामागचा खुलासा इथेच करून टाकतो. आज ज्यांना आपण कुत्र्यांच्या जाती म्हणतो, त्यांतल्या बहुतेकांची नोंदवही दीडशे वर्षांपलीकडे जात नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. अमुक उंची, तमुक कान, ठरावीक रंग अशी मानके लिहिली गेली आणि नोंद असलेल्या आई-बापांचीच पिल्ले त्या जातीची मानायची, असा नियम पडला. त्याआधी कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होती. मेंढरे राखणारा, वास काढणारा, सशामागे सुटणारा, दारात भुंकणारा. काम चोख करणाऱ्याची वीण ठेवायची, न करणाऱ्याची नाही. शुद्धता वगैरे नंतर आले.

या जुन्या, कामाच्या परंपरेत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या पट्ट्यात उंच, निमुळत्या तोंडाचा, पोट आत गेलेला आणि नजरेने शिकार धरणारा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर आला म्हणून लोक त्याला कारवानी म्हणत. कान-शेपटीला रेशमी झालर असलेला तो पश्मी. मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात मालोजीराव घोरपड्यांनी याच कुत्र्याची निगुतीने पैदास केली आणि त्याची जोडी पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली. तेव्हापासून तो 'मुधोळ हाउंड' म्हणून जगापुढे आला. आजही एका क्लबच्या वहीत तो कॅरव्हान हाउंड आहे आणि दुसऱ्याच्या वहीत मुधोळ. कुत्रा एकच. या सगळ्या देशी कुत्र्यांची पद्धतशीर मांडणी करणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी एक वा. वि. सोमण या मराठी माणसाचे होते. १९६३ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने 'द इंडियन डॉग' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक काढले. २०१७ मध्ये थिओडोर भास्करन यांनी देशी कुत्र्यांवर सबंध ग्रंथ लिहिला. मराठीत मात्र घरगुती वाचकासाठी हा विषय विखुरलेलाच राहिला.

माळव्यातल्या मराठी माणसाला हा वारसा परका नाही. धार-देवासचे पवार, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे यांच्याबरोबर आपली घराणी इकडे आली, तेव्हा देवघरातले देवही आले. होळकरांचा खंडोबा आला. त्याच्या पायाशी कुत्रा आहे आणि त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. दत्ताभोवती चार कुत्री, भैरवाचे वाहनही कुत्रे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपल्या प्रत्येक आजीने सांगितलेले. रायगडावर १९३६ साली शिवरायांचा कुत्रा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्याचे स्मारक उभे राहिले. त्याला समकालीन पुरावा नाही म्हणून वाद आजही पेटतो, पण स्मारक उभे करावेसे वाटले यातच आपल्या मनातली त्याची जागा कळते. आणि तरीही, एवढे सगळे असून, आपल्या जुन्या घरांत कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर होती. ओसरीवर, गोठ्यात, खळ्यावर. त्याचा व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता, कारण तो दिवसभर आपले काम करत होता. कुत्रा उंबरा ओलांडून सोफ्यावर आला आणि त्याचे काम सुटले, तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न निर्माण झाला की त्याने दिवसभर करायचे काय.

घरात आलेला कुत्रा बहुधा फॅशनने आला. भारतातला केनेल क्लब १८९६ चा, साहेबाच्या काळातला. त्याच्या वळणावर छावण्यांत आणि सिव्हिल लाइन्समध्ये टेरिअर, स्पॅनिअल रुजले. महूची छावणी इथून जवळच. पुढे आल्सेशियन आणि डॉबरमनचा जमाना आला, मग घरोघर 'पामेरियन', जो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झच असे. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी त्याच कुळीचा. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग मुलामागे धावला आणि चपट्या नाकाचा, उन्हात श्वास न पुरणारा कुत्रा भर उन्हाळ्याच्या देशात सर्वांत हवासा ठरला. नंतर लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, आणि आता हस्की. या यादीत प्रत्येक वेळी कुत्र्याचा चेहरा निवडला गेला. त्याचा दिवस कोणी पाहिला नाही.

या विषयात आज साधारण चार मते ऐकू येतात. वाचकाला ती ओळखता यावीत.

पहिले मत मानकांचे. जात ठाऊक असली की स्वभाव, आकार, आयुष्य, आजार सगळ्याचा अंदाज येतो, म्हणून नोंदणीकृत पिल्लू घ्यावे. यात तथ्य आहे. पिल्लाचे वजन पाच किलो होणार की चाळीस, केस किती गळणार, नितंबाच्या सांध्याचा त्रास त्या कुळात आहे का, हे आई-बापांवरून बरेचसे कळते. लॅब्राडोरची न संपणारी भूकसुद्धा अंशतः रक्तातली आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना त्यांच्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्यात भुकेशी संबंधित एका जनुकाचा बदल सापडला. पण दिसण्याच्या स्पर्धेपायी याच मताने पगचे नाक आणि जर्मन शेफर्डची पाठ कुठवर नेली, तेही डोळ्यांसमोर आहे.

दुसरे मत कामाचे. जर्मन शेफर्डला घडवणाऱ्या स्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये आपली संस्था काढली ती या आग्रहाने की कुत्र्याचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरावे. आपल्याकडे या मताचे मोठे पीठ ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे. सीमा सुरक्षा दलाची श्वान प्रशिक्षण शाळा १९७० पासून तिथे चालते. अनेक वर्षे तिथे परदेशी जातींचा वरचष्मा होता. लष्कराने २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले मेरठला प्रशिक्षणासाठी घेतली, मग टेकनपूरनेही देशी कुत्रे हाती धरले. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मेळाव्यात टेकनपूरच्या रिया या मुधोळ कुत्रीने बाजी मारली. अभिमानाची गोष्ट आहे. पण घरगुती वाचकाने तिच्यातून वेगळा धडा घ्यावा. रियाला रोज शिकवणारा, फिरवणारा, तिच्याशिवाय दुसरे काम नसलेला माणूस होता. आपल्या घरी तो कोण असणार?

तिसरे मत विज्ञानाचे. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेत पाच जातींवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातून ठसलेली गोष्ट अशी की पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले दिवस पुढच्या स्वभावाचा पाया घालतात. त्या काळात जी माणसे, आवाज, वाहने, लहान मुले त्याला भेटली नाहीत, त्यांची भीती जन्मभर राहू शकते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले गेले आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके तपासली गेली. निष्कर्ष असा निघाला की कुत्र्या-कुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीने उलगडतो. सांगितलेले ऐकण्याची वृत्ती जातीकडे थोडी जास्त झुकते, चिडकेपणा फारच कमी. म्हणजे 'अमुक जात मुलांशी प्रेमळच' हे वाक्य ऐकायला बरे, पण त्याच्या भरवशावर मूल आणि कुत्रा एकटे सोडू नयेत.

चौथे मत दत्तक घेण्याचे. विकत कशाला, रस्त्यावर लाखो जीव आहेत, गावठीच घरी आणा. मोहनखेड्याच्या भिंतीशी पडलेला तो पिवळा कुत्रा या मताचा उत्तम वकील ठरेल. हजारो वर्षांच्या ऊन-पावसाने घडलेले शरीर, आखूड केस, मध्यम बांधा, चपळ बुद्धी. पण हे मतही कधी कधी भाबडे होते. गल्लीत वाढलेल्या मोठ्या कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि दोन वेळची साखळी मानवेलच असे नाही. आणि राखण हा त्याचा पिंड असल्याने दारावरच्या प्रत्येक पावलाला तो आवाज देणारच.

हे पुस्तक या चारही मतांकडून घेते. आधार मात्र एकाच गोष्टीवर ठेवते. कुत्र्याची जात हा निवडीतला शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न घरच्या दिवसाचा आहे.

'आमचं घर फार अॅक्टिव्ह आहे,' असे प्रत्येकजण म्हणतो. त्याचा अर्थ उकलायला हवा. देवासची टेकडी रोज पहाटे चढणारे आजोबा हा एक प्रकार. सहा दिवस दुकान किंवा ऑफिस आणि सातव्या दिवशी मांडूचा घाट, हा दुसरा. संध्याकाळी अंगणात चेंडू-बॅट घेऊन दंगा करणारी दोन मुले, हा तिसरा. आणि मॅरेथॉनची तयारी करणारी, एकटीच पळणारी थोरली, हा चौथा. चौघांना चार वेगळे कुत्रे शोभतील. टेकडीवाल्या आजोबांना एका लयीत चालणारा, ओढ न घेणारा मध्यमवयीन गावठी किंवा स्पिट्झ पुरे. चेंडूच्या घराला आणून देण्याची हौस रक्तातच असलेला लॅब्राडोर किंवा रिट्रीव्हर आवडेल, जर त्याच्या ताटाकडे कोणाचे कडक लक्ष असेल. पळणाऱ्या मुलीने दम टिकवणारा कुत्रा घ्यावा, पण मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडे पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, तोवर त्याला डांबरी रस्त्यावर बरोबरीने पळवू नये. आणि फक्त रविवारच्या घराने मनाशी खरे बोलावे. कुत्र्याला आठवड्यात सात दिवस असतात.

कारवानीबद्दल दोन शब्द वेगळे लिहितो, कारण अभिमानाच्या भरात तो हल्ली खूप घरांत आणला जातो. लोकांना वाटते, एवढा वेगवान म्हणजे दिवसभर दमवावा लागेल. प्रत्यक्षात तो दोन-तीन मिनिटे वाऱ्यासारखा सुटतो आणि मग तासन्‌तास शांत पहुडतो. घरात तो आब राखून असतो, परक्याशी अंतर ठेवतो. त्याची खरी अट म्हणजे कुंपण घातलेले मोकळे मैदान, कारण काही हलताना दिसले की हाक ऐकू येणे बंद होते. मोहनखेडा ज्या सरदारपूर तालुक्यात आहे, तिथले गवताळ रान १९८३ पासून खरमोरासाठी राखलेले अभयारण्य आहे. हा नष्ट होत चाललेला पक्षी पावसाळ्यात तिथे गवतात, जमिनीवर अंडी घालतो. त्या दिवसांत तिथे मोकळा सोडलेला एक हौशी कारवानी काय करील, हे सांगायला नको. पट्टा हातात ठेवणे हासुद्धा कुत्रा पाळण्याचाच भाग आहे.

माळव्याच्या हवेलाही निवडीत मत आहे. रात्री इथे गार होतात, पण एप्रिल-मेची दुपार चाळीस अंशांच्या पुढे जाते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांतून, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. म्हणून चपटे नाक आणि दाट केस, दोन्ही इथे महाग पडतात. पहाटे आणि दिवे लागल्यावर, या दोनच वेळा फिरण्याच्या. रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून पाहा. पाच-सात सेकंद सोसवले नाही तर त्याचे पंजेही सोसणार नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाबरोबर गोचीड येते आणि तिच्याबरोबर गोचीडताप. डोंगरात फिरणाऱ्या कुत्र्याचे कान आणि बोटांमधल्या फटी रोज तपासण्याला पर्याय नाही. १९५५ पासून महूला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही या भागाची मोठी सोय. पिल्लू आणण्याआधी डॉक्टर गाठावा, नंतर नव्हे.

स्वयंपाकघराचा विचार बहुतेक पुस्तके टाळतात. माळव्यात तो टाळता येत नाही, कारण शेजार जैन आहे आणि कितीतरी मराठी घरेही शाकाहारी आहेत. कुत्र्याला शाकाहारावर वाढवता येते, मांजराला नाही. मात्र दूध-पोळी म्हणजे पूर्ण आहार नव्हे. प्रथिने आणि पूरक घटक वैद्याला विचारून ठरवावे लागतात, आणि मोठ्या, धावत्या कुत्र्याच्या बाबतीत तर फारच काटेकोरपणे. गंमत अशी की कांदा-लसूण कुत्र्याला घातक असतो. त्यामुळे जैन घरातले उरलेले वरण आपल्या फोडणीच्या आमटीपेक्षा त्याला सुरक्षित. शिऱ्यातले बेदाणे मात्र दोन्ही घरांत त्याच्यापासून दूर ठेवावेत.

हे सगळे आताच सांगण्याची गरज का, याला कारण आहे. शहरांत अंगणे गेली आणि फ्लॅट आले. कुत्रा खरेदी करणे फोनवर एका टिचकीवर आले. २०१६ मध्ये सरकारने व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांची आयात बंद केली, २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायला मनाई केली. तरी पाच आठवड्यांचे पिल्लू खोक्यातून घरी येतेच, आणि शिकण्याचे सोन्यासारखे दिवस आईवेगळे जातात. २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदी घालणारे केंद्राचे पत्रक निघाले आणि महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. दोष जातीचा की पाळणाऱ्याचा, हा वाद त्यामुळे थेट घराघरांत आला. आणि नको झालेला हस्की किंवा पिटबुल रस्त्यावर सोडून देणारी माणसे आपल्याच कॉलनीत राहतात.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. यात जगातल्या सगळ्या जातींचा कोश नाही. भारतात खरोखर मिळणाऱ्या आणि आपल्या हवेत निभावणाऱ्या कुत्र्यांवर भर आहे. गुणांक देऊन पहिला-दुसरा ठरवलेला नाही. प्रत्येक ठिकाणी घराची गरज आधी मांडली आहे आणि कुत्रा नंतर. गावठी कुत्र्याला नोंदणीकृत जातींच्या बरोबरीची जागा दिली आहे, ती दयेने नाही, त्याच्या लायकीने. आणि काही घरांना 'सध्या कुत्रा आणू नका' असाही सल्ला मिळेल. तो वाचून कोणी रागावले तरी चालेल.

धारच्या त्या हस्कीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याला कोणी सोडून दिले नाही. घराने आपला दिवस बदलला. आता सगळे पहाटे साडेचारला उठतात आणि सूर्य वर यायच्या आत मुंज तलावाकडून फिरून येतात. उन्हाळ्यात मांडूचे रविवार बंद असतात. दादा हसून म्हणतात, "आम्ही त्याला अॅक्टिव्ह ठेवायला आणलं, त्यानंच आम्हाला कामाला लावलं." सगळ्याच घरांना हे जमत नाही.

म्हणून वाचकाला एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी एक वही घ्या आणि आठ दिवस, रोज, घरातला कोण किती वाजता उठला, कोण किती चालला, दुपारी घरी कोण होते आणि संध्याकाळी कोणाला खरोखर अर्धा तास मोकळा होता, ते लिहा. लिहिताना स्वतःची फसवणूक करू नका. ती वही जवळ ठेवूनच पुढची पाने वाचा.